जिद्दीची गोष्ट सांगू नका

'जिद्द' या शब्दाचा मला आता राग यायला लागलाय. दहावी-बारावीचा निकाल लागला की पेपरात ठरलेल्या बातम्या येतात. ऊसतोड कामगाराच्या मुलाला नव्वद टक्के. कोपीत अभ्यास करून पोरगी डॉक्टर. खाली पेढा भरवणाऱ्या आई-बापाचा फोटो आणि शेवटी हमखास एक वाक्य : जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही. मग गावोगाव गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. त्यात मलाही बोलावणं असतं, कारण मी कोयत्याच्या घरातला. बीड जिल्ह्यातल्या एका डोंगरकडच्या वाडीतला. माझे आई-बाप बावीस हंगाम कारखान्याला गेले आणि मी आज तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो. मंडपातल्या लेकरांना माझ्याकडं बोट करून सांगतात, "बघा, सर शिकले का न्हाई? मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला इथं द्यायचंय. मंडपात ते देता येत नाही. तिथं पाच मिनिटं मिळतात आणि पंगत खोळंबलेली असते.

मी शिकलो त्याचं कारण माझी जिद्द नाही. पहिलं कारण आजी. दुसरं कारण अक्का.

ज्यांना तोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोयता म्हणजे आमच्याकडं नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही. घेतलाच तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. पावसाळ्यात घरात दाणे संपतात, कुणाचं दुखणं निघतं, कुणाचं लग्न ठरतं. तेव्हा मुकादम उचल देतो. ती उचल फेडायला दसरा-दिवाळीनंतर गाडी भरायची. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर पार कर्नाटकात जायचं. फडाजवळ कोपी घालायची आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मजुरी टनावर. खाडा पडला तर पैसे कापले जातात. तोडीवर बाईला अंगावरचं पोर फडाच्या कडेला ठेवूनच कोयता चालवावा लागतो.

आता आमच्या घरचा हिशेब. मी दुसरीत होतो, अक्का चौथीत. तिचे पाढे तीसपर्यंत पाठ होते. गुरुजी केंद्रशाळेला मीटिंगला गेले की वर्ग तिच्यावर सोपवून जायचे. त्या साली धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला कोपीवर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. आजीजवळ दोन लेकरं ठेवावीत तर घरात दाणे एकापुरतेच. यावर फार चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पोरगा शिकंल, पोरगी सांभाळंल, एवढंच ठरलं. अक्का गाडीत बसली, मी ओसरीवर राहिलो.

शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढं आधी महिनाभर 'गैरहजर' लागलं. पुढं नावच कमी झालं. पुढच्या तीन-चार हंगामांत भाऊ चालायला लागला, पण अक्का काही परत आली नाही. तोवर तिला भाकरी थापता येत होती, पाणी आणता येत होतं, वाढे गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधून विकता येत होत्या. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं. पोरीची काळजी मिटली आणि जावयाचा अर्धा कोयता पूर्ण झाला, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

आज अक्का पन्नाशीच्या पुढं आहे. चौथी नापास नाही, चौथी अर्धवट. पण मुकादम हिशेबाला बसला की टोळीतल्या बाया आधी तिला बोलावून घेतात. किती खेपा, किती टन, किती खाडे, किती उचल आणि किती फिटली, हे ती तोंडी सांगते. तिच्यापुढं मुकादमाला आकडा इकडचा तिकडं करता येत नाही. माझ्या कॉलेजात वाणिज्य शाखेची पोरं कॅल्क्युलेटर लावून जे करतात, ते ही बाई भाकरी भाजता भाजता करते.

आता सांगा, जिद्द कुणाची कमी पडली?

माझ्या दहावीच्या गुणांत अक्काचे गुण मिसळलेले आहेत. ती बाहेर राहिली म्हणून मी आत बसलो. पण सत्काराच्या मंडपात फक्त आत बसलेलाच दिसतो. त्याच्याकडं बोट करून म्हणतात, दार उघडंच होतं. ज्यांना आत येता आलं नाही ते मग आपोआप आळशी, बेफिकीर नाहीतर मंद ठरतात. जिद्दीच्या गोष्टीचं खरं काम हेच. ती यशस्वी माणसाचं कौतुक करते त्याहून जास्त, मागं राहिलेल्यांवर ठपका ठेवते. वर ज्यांनी व्यवस्था लावायची त्यांची मान सोडवते.

शाळेचं वर्षच बघा. जूनला सुरू होतं, दिवाळीला सुट्टी लागते, दुसरं सत्र नोव्हेंबर ते एप्रिल. आमचा हंगामही नोव्हेंबर ते एप्रिल. दुसरं सत्र आणि तोड एकमेकांवर तंतोतंत बसतात. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम आमच्या विरोधात आखलं, असं मी म्हणत नाही. पण ते आखताना जो माणूस डोळ्यांपुढं होता तो वर्षभर एका घरात राहणारा होता. दारी पगार नाहीतर बारमाही पाणी असलेला. तसा माणूस धरून नियम केला की बाकीचे आपोआप नियमाबाहेर पडतात. मग त्यांना 'शाळाबाह्य' म्हणायचं आणि त्यांचं सर्वेक्षण करायचं.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. कायदा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं भांडण नाही. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक लेकराला शिक्षण मोफत आणि सक्तीचं. नियमात आहे की पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पण घरच तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात गेलं तर ते एक किलोमीटर कुठून मोजायचं? खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचितांना आणि दुर्बलांना आहेत. त्याचे ऑनलाइन अर्ज बहुतेक सालांत जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान निघतात. तेव्हा आमची माणसं फडात असतात, कागदपत्रं गावाकडं पेटीत. हक्क आहे, पण तो घेण्याची तारीख आमची नाही.

आणि कायद्याच्या नावाखाली पोर पुढं ढकलण्याचा प्रकार सुरू झाला, तो तर वेगळाच. एप्रिलात तोडीहून परतलेलं लेकरू परीक्षेला चार दिवस बसतं आणि वरच्या वर्गात जातं. नापास करू नये हे बरोबर. पण बुडालेलं सत्र भरून काढायला खास शिकवणी द्यावी, हेही कायद्यात आहे, ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग पाचवीत जोडाक्षर अडतं, सातवीत भागाकार अडतो, पण पोर पुढंच जातं. नववीत मात्र एकदम भिंत लागते. तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचं असतं आणि कायद्याची जबाबदारी संपलेली असते. बाप म्हणतो, "आता कामून शाळेत जायचं? चल कोयता धर." पोरानं शाळा सोडली असं आपण लिहितो. शाळेनं त्याला पहिलीपासून दरसाल अर्धं अर्धं सोडलेलं असतं, ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

यावर शिकलेली मंडळी म्हणतात, "आई-बापालाच कळत नाही. लेकरं ठेवून जायला काय होतं?" हे म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की बारा वर्षांची पोर पाच महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची. आजी असंल तर ठीक. आजी मेल्यावर? शेजारी म्हणावं तर तेही कारखान्याला गेलेले. दिवाळीनंतर आमच्या वाडीत म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं एवढंच उरतं. अशा गावात वयात आलेली पोर ठेवायची म्हणजे आईच्या जिवाला घोर. म्हणून ती तिला बरोबर नेते, नाहीतर लग्न उरकून टाकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या आसपास आहे. या फरकाचं खापर अडाणीपणावर फोडणं सोपं आहे. मी तर म्हणतो, त्या आईनं आपल्या परीनं केलेला तो हिशेब आहे. हिशेब चुकीचा वाटत असंल तर आधी तिच्यापुढचे आकडे बदला.

पैसा नाही, असंही कुणी म्हणू नये. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी हेच मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या मुलांवर. त्या गोष्टीला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. आता मराठी मुलखातली साखर बघा. कारखान्यांच्या आसऱ्यानं शाळा निघाल्या, वसतिगृहं निघाली. 1983 साली सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिल्यावर तर साखरेच्या पट्ट्यात कॉलेजांचं पीकच आलं. तिथल्या बागायतदारांची पोरं त्यात शिकली, परदेशी गेली. शिकू देत, त्याचं दुःख नाही. उसाच्या कांड्यातून कॉलेज उभं राहतं ही मोठीच गोष्ट आहे. पण ते कांडं तोडणारे हात कुणाचे होते?

आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आई-बापाकडं गेलो होतो. कारखान्याजवळ नव्या कॉलेजाची दुमजली इमारत उभी राहिली होती. तारेच्या कुंपणापलीकडं कॉलेज, अलीकडं आमच्या कोप्या. बाया त्या कुंपणावर धुणं वाळत घालायच्या आणि वॉचमन ते काढायला लावायचा. कोप्यांत मिळून पंचवीस-तीस लेकरं तरी होती. शाळा गावात होती, पण त्यातलं एकही लेकरू शाळेत जात नव्हतं. "चार महिन्यांचं पाहुणं, त्याला कुठं पटावर घ्यायचं?" असं तिथल्या शाळेत ऐकवलं गेल्याचं अक्का सांगायची. कर्नाटकात गेलेल्यांची तर आणखीच तऱ्हा. तिथली शाळा कन्नड, लेकरू मराठी. पोर नुसतं फळ्याकडं बघत बसणार.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकात काही स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. कोपीजवळ शाळा, ओळखीचे गुरुजी, गावाकडचीच पुस्तकं. पुढं धोरण फिरलं. लेकरं गावातच थांबवा, असं ठरलं आणि हंगामी वसतिगृहं आली. कल्पना वाईट नाही. पण कित्येक ठिकाणी वसतिगृह म्हणजे शाळेच्या खोलीत दोन वेळचं जेवण, एवढंच. रात्रीला पोर पुन्हा आजीच्याच ओसरीवर. ज्याला आजी नाही त्याला त्या जेवणाचा काय उपयोग?

2021 साली राज्यानं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आणली. 41 तालुके, 82 वसतिगृहं, प्रत्येकात 100 लेकरं. स्वागतच आहे. आता गुणाकार करा : सगळी भरली तरी 8,200 लेकरं. तोडीला जाणारी माणसं राज्यात आठ-दहा लाख धरतात. पोरांचा हिशेब तुम्हीच लावा. या 8,200 मधून उद्या दहा डॉक्टर निघतील, त्यांचे फोटो छापून येतील आणि बाकीच्या लाखांना आपण पुन्हा विचारू, "तुम्हाला काय धाड भरलीय?"

आमच्या गावातली शाळाही आता पहिल्यासारखी राहिली नाही. माझ्या वेळी पाटलाचं पोर, सुताराचं पोर आणि कोयत्याचं पोर एकाच तरटावर बसायचं. तेव्हा सगळं गोड होतं असं नाही. पाण्याच्या हंड्याला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे त्याच शाळेत आम्ही शिकलो. पण गुरुजी आठ दिवस आले नाहीत तर पाटलाला घोर लागायचा, कारण त्याचंही पोर तिथंच होतं. आज सकाळी सातला पिवळी गाडी येते. नोकरीवाले, विहीर-बागायतवाले, दुकानवाले आपापली पोरं टाय बांधून तिच्यात बसवतात. इंग्रजी कितपत येतं ते देव जाणे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत आता ज्यांना दुसरीकडं जाता येत नाही तीच लेकरं उरलीत. शाळेचं पत्र गळलं तर ग्रामसभेत बोलणारं कुणी नाही. बोलू शकणाऱ्यांची पोरं पिवळ्या गाडीत गेली. मग पट कमी झाला म्हणून शाळा एकत्र करण्याच्या गोष्टी निघतात. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात 14 हजारांहून जास्त असल्याचं 2023 साली सांगितलं गेलं आणि समूह शाळांचा विचार पुढं आला. वाडीवरची शाळा चार किलोमीटरवर गेली तर गाडीत जाणारं लेकरू कसंही जाईल. चालत जाणारी पोर मात्र घरी बसंल आणि पुढच्या हंगामात कोपीवर असंल.

मग करायचं काय? नुसतं रडगाणं मला गायचं नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला, पण दंडाबरोबर गावोगाव शाळाही काढल्या. सक्ती दोन्ही बाजूंनी असते, हे त्या राजाला शंभर वर्षांमागं कळत होतं. आपण आई-बापावरची सक्ती तेवढी ध्यानात ठेवली.

माझं म्हणणं साधं आहे. कारखान्याला दर हंगामात साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी थकवली तर तो परवाना अडवला जातो. तसाच तो लेकरांवरून अडवावा. टोळीबरोबर किती लेकरं आली, कोणत्या इयत्तेची, कोणत्या शाळेत बसली, ही यादी दाखवल्याशिवाय बॉयलर पेटू नये. कोप्यांच्या तळावर साखरशाळा परत सुरू व्हावी. तिच्यात आमच्या जिल्ह्यातले गुरुजी हंगामापुरते नेमावेत, म्हणजे पट, पुस्तक आणि भाषा एकच राहील. तळावर पाळणाघर असावं. पाळणाघर ही बारकी गोष्ट वाटंल, पण अक्काची शाळा पाढ्यांवाचून सुटली नाही, आठ महिन्यांच्या भावापायी सुटली. आणि ज्यांना गावात राहायचंय त्यांच्यासाठी खरं वसतिगृह असावं, रात्रीला मुक्काम आणि पोरींसाठी बाई असलेलं. कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे असं ठरलेलंच आहे. त्यातला पहिला रुपया या कामावर लागावा.

कुणी म्हणंल, एवढ्या फिरत्या लेकरांची नोंद ठेवणं अवघड आहे. अवघड कसलं? उचल कुणाला किती दिली, कोणता कोयता कोणत्या गाडीवर, कोणत्या गटाच्या फडात, किती टन तोडला, हे सगळं मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या कॉम्प्युटरात रोजच्या रोज लिहिलेलं असतं. एक कोयता पळून गेला तर तो कोणत्या गावात लपलाय हे आठ दिवसांत शोधून काढतात. आई-बाप कुठं आहेत हे इतकं पक्कं ठाऊक असतं. त्यांच्या शेजारी बसलेलं लेकरूच तेवढं सापडत नाही, हे मला पटवू नका.